घरांतील रुपेरी पडदा किती मोठा असावा?



माझ्या आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं साधा आहे. घरीं बसून चित्रपट पाहावयाचा, तर त्यासाठीं जो पडदा घ्यावयाचा तो किती मोठा असावा, एवढाच तो प्रश्न. परंतु कापूस विकून चार पैसे हातीं आले, किंवा घरांत कांहीं कार्य निघालें, म्हणजे वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील देवळीसारख्या गांवांत हा प्रश्न अनेक घरांतून निघतो, आणि बहुधा त्याचा निकाल दुकानांत उभ्याउभ्या लागतो. दुकानदार चार पडदे ओळीनें मांडून ठेवतो. शेजारच्या मोठ्या पडद्यामुळें मधला उगाच लहान भासतो. दुकानाची भिंत घरच्या भिंतीहून कितीतरी मोठी असते. आणि गिऱ्हाईक “जरा मोठाच बरा” असें म्हणून मोकळें होतें. पुढें तोच पडदा आठ-दहा वर्षें घरांत राहतो. तो जागेच्या मानानें फार मोठा झाला तर जमिनीवर बसणाऱ्या मुलांच्या माना अवघडतात. फार लहान झाला तर आजीला पडद्यावरचीं अक्षरें लागत नाहींत. आणि प्रोजेक्टर घेतला असला तर दिवसाच्या उजेडांत चित्राचें धुकें होतें. एका हंगामाच्या कष्टाचा पैसा असा भलत्या मापाच्या वस्तूंत अडकूं नये, म्हणून हें माप कसें ठरवावें याचा आज आपण विचार करूं. मी कांहीं आकडे सांगणार आहें. ते थोडे आहेत आणि सोपे आहेत. तरी कागद व पेन्सिल जवळ असल्यास बरें.

पडद्यावरचीं हालतीं चित्रें महाराष्ट्राला नवीं नाहींत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं दाखविलीं गेलीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. पुढें ज्या गांवीं चित्रगृह नाहीं तेथें चित्रपट जत्रेच्या तंबूंतून पोहोंचला. दिवसा गाडींतून उतरलेला कापडी पडदा रात्रीं बांबूंवर ताणला जाई, आणि यात्रेकरू मोकळ्या जमिनीवर बसून तो खेळ पाहत. महाराष्ट्रांतील अशा फिरत्या चित्रगृहांवर काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविला गेला.

चित्रगृहाच्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे, आणि तीच आपल्या विषयाची किल्ली आहे. पडदा सर्वांना एकच. तरी पुढच्या रांगेचें तिकीट स्वस्त आणि मागच्या रांगेचें महाग. पुढें बसणाऱ्याला पडदा मोठा दिसतो, मग त्याचें तिकीट स्वस्त कां? कारण त्याला एका दृष्टींत सबंध चित्र मावत नाहीं. उजवीकडचा नायक पाहावा तर डावीकडचा खलनायक निसटतो, आणि खेळ संपेपर्यंत मान दुखूं लागते. म्हणजे पडद्याला स्वतःचा असा मोठेपणा नाहीं. पाहणारा त्यापासून किती अंतरावर बसतो यावर तो मोठा किंवा लहान ठरतो. यासाठीं घरांत पडदा घेतांना “केवढा घ्यावा” हा प्रश्न आधीं विचारूं नये. “आमच्या घरांतील माणसें कोणत्या रांगेंत बसणार” हा प्रश्न आधीं विचारावा.

आतां पडद्याचें माप कसें सांगतात तें पाहूं. दुकानांत ४३ इंच किंवा ५५ इंच असें जें म्हणतात तो पडद्याचा कर्ण असतो, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर. खोक्यावर हेंच माप सेंटिमीटरांत छापलेलें असतें. ४३ इंचांचे सुमारें १०९ सेंटिमीटर होतात. आजच्या पडद्यांची रुंदी व उंची यांचें प्रमाण १६ ला ९ असें असतें. त्यावरून शाळेंतील काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त लावला म्हणजे रुंदी कर्णाच्या सुमारें ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के येते. ४३ इंची पडदा रुंदीला सुमारें साडेसदतीस इंच व उंचीला एकवीस इंच असतो. ५५ इंची पडदा ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच, म्हणजे चार फूट बाय सव्वादोन फूट. ६५ इंची पडदा पावणेपांच फूट रुंद आणि दोन फूट आठ इंच उंच असतो. कर्णांत फरक बारा इंचांचा दिसला तरी ५५ इंची पडद्याचें क्षेत्रफळ ४३ इंची पडद्याच्या सुमारें १.६ पट भरतें. कर्णाच्या आकड्यावरून ग्राहकाचा अंदाज चुकतो तो येथें.

पडदा डोळ्यास किती मोठा दिसतो हें कोनानें मोजतात. हा कोन मोजण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. हात डोळ्यांसमोर पूर्ण ताणून मूठ वळली तर ती मूठ दृष्टीचे सुमारें दहा अंश व्यापते. मोठ्या माणसाचा हात लांब तशी मूठहि मोठी, आणि मुलाचा हात आखूड तशी मूठहि लहान. म्हणून हें माप सर्वांना जवळजवळ सारखेंच लागू पडतें. बसल्या जागेवरून पडद्याच्या रुंदींत दोन मुठी बसल्या, तर बातम्या, मालिका व क्रिकेट यांपुरता तो पडदा पुरेसा आहे. तीन मुठी बसल्या, तर चित्रगृहांतील बऱ्यापैकीं जागेचें सुख घरीं मिळतें. चार मुठी ही वरची मर्यादा समजावी; त्यापुढें आपण स्वस्त तिकिटाच्या रांगेंत जाऊन बसलों असें झालें.

ह्याच गोष्टी अंतराच्या भाषेंत सांगतों. पडद्याच्या कर्णाच्या अडीच पट अंतरावर बसलें म्हणजे दोन मुठी होतात, म्हणजे २० अंश. १.६ पट अंतरावर तीन मुठी, म्हणजे ३० अंश, आणि १.२ पट अंतरावर चार मुठी, म्हणजे ४० अंश. अडीच, एक पूर्णांक सहा दशांश, आणि एक पूर्णांक दोन दशांश: हे तीन आकडे लिहून ठेवले म्हणजे निम्मा विषय संपला.

ह्या आकड्यांचा उपयोग कसा करावा? समजा, देवळींतील एका घराची पुढची खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. पलंग किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला तरी बसणाऱ्याचा डोळा त्या भिंतीपासून दोन फूट तरी पुढें असतो, आणि पडदा समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढें येतो. म्हणजे बारा फुटांच्या खोलींत पाहण्याचें अंतर नऊ फूट उरतें. ही मागची रांग झाली. पण आपल्या घरांत माणसें सोफ्यावरच बसतात असें नाहीं. मुलें सतरंजीवर पुढें सरकतात, पाहुणे आले म्हणजे चटया पसरतात, आणि पुढची रांग सहा फुटांवर येते. आतां नियम असा कीं, जवळ बसणारा पडद्याची वरची मर्यादा ठरवितो आणि दूर बसणारा खालची मर्यादा ठरवितो. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यास १.२ नें भागलें तर ६० इंच येतात. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. त्यास अडीचनें भागलें तर सुमारें ४३ इंच येतात. म्हणजे ह्या खोलींत ४३ च्या खालीं जाऊं नये आणि ६० च्या वर जाऊं नये. बाजारांतील मापें पाहतां ५५ इंची पडदा येथें योग्य ठरतो: पुढच्या मुलांना पावणेचार मुठींचा दिसतो, मागच्या वडिलांना अडीच मुठींचा. जेथें सर्व मंडळी मागच्याच रांगेंत बसतात आणि चित्रपट पाहणें हाच मुख्य हेतु आहे, तेथें ६५ इंचांचा पडदा तीन मुठींस उतरतो.

येथें एक बिनखर्चाचा उपाय सांगण्याजोगा आहे. सतरंजी एक फूट मागें ओढली कीं पडद्याची वरची मर्यादा दहा इंचांनीं वाढते. उलट, घरांतील वृद्धांची दृष्टि मंद झाली असेल तर त्यांच्यासाठीं मोठा पडदा घेण्याआधीं त्यांची खुर्ची पुढें आणून पाहावी. नऊ फुटांवरची खुर्ची सहा फुटांवर आणली म्हणजे ५५ इंची पडदा आजीला पूर्वींच्या ठिकाणाहून पाहिलेल्या ८२ इंची पडद्याएवढा दिसतो. खुर्ची सरकविण्यास पैसे पडत नाहींत.

दुसरा विचार चित्राच्या बारकाव्याचा. पडद्यावरील चित्र असंख्य ठिपक्यांचें बनलेलें असतें. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखूं शकतो. त्याहून लहान ठिपके एकमेकांत मिसळून सलग चित्र दिसतें. फुल एचडी म्हणून जो प्रकार आहे त्यांत आडवे १९२० ठिपके असतात, आणि फोर-के या प्रकारांत ३८४०. हिशेब केला तर असें दिसतें कीं, कर्णाच्या सुमारें दीड पटीहून अधिक अंतरावर बसणाऱ्या निरोगी डोळ्याला फुल एचडी आणि फोर-के यांतील ठिपक्यांचा फरक ओळखतां येत नाहीं. नऊ फुटांवरून ४३ इंची पडदा पाहणाऱ्यानें केवळ फोर-के या शब्दासाठीं अधिक पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. ५५ व त्यापुढील मापांत मात्र बाजारांत बहुतेक पडदे फोर-केच मिळतात, त्यामुळें तेथें हा प्रश्न उरत नाहीं.

याहून महत्त्वाचा प्रश्न, पडद्यावर येणारें चित्र मुळांत कोणत्या प्रतीचें आहे, हा होय. जुन्या साध्या प्रतीच्या प्रक्षेपणांत उभ्या फक्त ५७६ ओळी असतात. डीडी फ्री डिशवरील अनेक वाहिन्या ह्याच साध्या प्रतीच्या आहेत. असें चित्र स्वच्छ दिसावयाचें तर कर्णाच्या जवळजवळ तिप्पट अंतरावर बसावें लागतें. म्हणजे नऊ फुटांसाठीं ३७ इंचांचाच पडदा पुरे. तेवढ्याच पिठाचा मोठा पापड लाटूं गेलें तर तो फाटतो, तशांतलाच हा प्रकार आहे. पडदा वाढला म्हणून चित्रांतील माहिती वाढत नाहीं. तीच माहिती अधिक जागेवर पसरते आणि चेहरे पुसट होतात. ज्या घरांत सारें पाहणें ह्या फुकट वाहिन्यांवरचें आहे, त्यांनीं ४३ च्या पलीकडे जाण्याची घाई करूं नये. ज्यांच्याकडे इंटरनेटची चांगली जोडणी आहे आणि चित्रपट त्यावरून येतात, त्यांनीं मोठ्या पडद्याचा विचार खुशाल करावा.

तिसरा विचार चित्राच्या आकाराचा. आपले जुने चित्रपट चौकटीनें जवळजवळ चौरस असत. रुंदी चार तर उंची तीन. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ आजच्या पडद्यावर लावला तर दोहों बाजूंस काळ्या पट्ट्या येतात, आणि ५५ इंची पडद्यावर प्रत्यक्ष चित्र ४५ इंचांचेंच दिसतें. कांहीं लोक ह्या पट्ट्या घालविण्यासाठीं चित्र आडवें ताणतात. तसें केलें म्हणजे उपासतापासानें कृश झालेले तुकोबा अंगानें भरलेले दिसूं लागतात. ह्या पट्ट्या म्हणजे दोष नव्हे. ती त्या काळची चौकट आहे. उलट, १९५० नंतर रुंद पडद्याचे चित्रपट निघाले. गुरुदत्तांचा १९५९ सालचा ‘कागज़ के फूल’ हा आपल्याकडील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. अशा चित्रपटाच्या वर व खालीं पट्ट्या येतात आणि पडद्याचा सुमारें चौथा हिस्सा मोकळा राहतो. ज्यांना विशेषतः जुने मराठी चित्रपट पाहावयाचे आहेत त्यांनीं, कर्णाच्या आकड्यांतून हा हिस्सा वजा जातो, हें लक्षांत ठेवून दोन मापांपैकीं मोठें निवडावें.

चौथा विचार उंचीचा, आणि येथें आपल्याकडे सर्वांत अधिक चुका होतात. पडदा भिंतीवर वर, जवळजवळ छताखालीं टांगण्याची एक चाल पडली आहे. मुलांचा हात लागूं नये, खालीं कपाट मावावें, हीं त्याचीं कारणें. परंतु सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांच्या सुमारास असतो, आणि खुर्चीवर बसणाऱ्याचा साडेतीन फुटांच्या आसपास. ५५ इंची पडद्याची खालची कड पांच फुटांवर टांगली, तर सहा फुटांवर जमिनीवर बसलेल्या मुलाला पडद्याच्या मध्याकडे पाहण्यासाठीं दृष्टि तीस अंशांहून अधिक वर करावी लागते. तीच कड सव्वादोन फुटांवर आणली तर हा कोन आठ अंशांवर येतो, आणि खुर्चीवरील माणसाची नजर तर सरळ पडद्याच्या मध्यावर पडते. म्हणून पडदा खालीं असावा. लहान मुलांची भीति असेल तर त्याला भिंतीशीं पट्ट्यानें बांधून पक्का करावा. तो अंगावर कोसळण्याची भीति हें वर टांगण्याहून अधिक विचार करण्याजोगें कारण आहे.

आतां प्रोजेक्टरचा विचार करूं, कारण “घरचें चित्रगृह” म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें भिंतभर चित्रच उभें राहतें. शंभर इंच कर्णाचें चित्र सव्वासात फूट रुंद व चार फूट उंच होतें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३० चौरस फूट. चित्रगृहाच्या तोडीचा उजळपणा हवा तर साध्या पांढऱ्या पडद्यावर प्रत्येक चौरस फुटास सुमारें १६ ल्युमेन प्रकाश लागतो. म्हणजे पूर्ण अंधारांत ५०० ल्युमेन पुरतात. पण कर्ण दीडपट, म्हणजे १५० इंच केला, कीं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतें आणि हजाराहून अधिक ल्युमेन लागतात. पडदा वाढवितांना प्रकाश कर्णाच्या वर्गानें वाढवावा लागतो, हें सूत्र विसरूं नये.

तरी खरी अडचण प्रकाशाच्या प्रमाणाची नाहीं, अंधाराची आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेंकूं शकत नाहीं. चित्रांत जेथें काळें असतें तेथें तो केवळ प्रकाश टाकीत नाहीं. त्या ठिकाणीं जें दिसतें तो भिंतीचा स्वतःचा रंग, खोलींत जेवढा उजेड असेल तेवढा. साधारण दिवे लावलेल्या खोलींत भिंतीवर १०० लक्स उजेड असला, तर वर सांगितलेल्या प्रोजेक्टरच्या चित्रांतील सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या तिप्पटहि उजळ राहत नाहीं. रात्रीचा प्रसंग राखाडी दिसतो आणि चेहऱ्यावरचे भाव हरवतात. विदर्भांत दिवसा ऊन्ह कसें असतें हें मीं सांगावयास नको. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दारें-खिडक्या लावून घेतों, तरी कूलर खिडकींतच बसविलेला असतो आणि त्याच्या ताट्यांच्या फटींतून उजेड येतच राहतो. शिवाय कूलरच्या वाऱ्याबरोबर येणारी दमट धूळ भिंगावर बसते. म्हणून आपल्या भागांत प्रोजेक्टर हें रात्रीचें साधन समजावें. ज्या घरीं दुपारीं पाहावयाचें आहे त्यांनीं स्वयंप्रकाशी पडदा, म्हणजे साधा टीव्हीच, घ्यावा.

प्रोजेक्टर घेणाऱ्यांनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, जाहिरातींतील ल्युमेनचा आकडा प्रमाणित पद्धतीनें मोजलेला आहे कीं नाहीं. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर हजारोंचे आकडे छापलेले असतात आणि त्यांचा प्रत्यक्ष उजेडाशीं फारसा संबंध नसतो. दुसरी, यंत्र किती अंतरावर ठेवावें लागेल. पुष्कळ यंत्रांना चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतें. सव्वासात फुटांच्या चित्रासाठीं अकरा फूट. बारा फुटांच्या खोलींत तें कसेंबसें मागच्या भिंतीशीं बसतें, आणि मधून उठून जाणाऱ्याची सावली पडद्यावर पडते. यंत्र छताला टांगल्यास ही अडचण टळते.

टीव्हीलाहि उजेडाचा थोडा त्रास असतोच. त्याची कांच आरशासारखी वागते. रस्त्यावर उघडणाऱ्या दारासमोर पडदा लावला तर चित्रपटाबरोबर रस्त्यावरची रहदारीहि दिसते. दारासमोरची भिंत टाळून, दाराच्या बाजूची काटकोनांतील भिंत निवडावी. ज्या खोलींत माणसें तिरक्या कोपऱ्यांतहि बसतात, तेथें पडदा बाजूनें पाहून घ्यावा. कांहीं पडद्यांचे रंग बाजूनें पाहतां फिके पडतात, आणि हा दोष दुकानांत समोर उभें राहून ध्यानांत येत नाहीं.

पैशाच्या बाबतींत दोन शब्द. पूर्वीं ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर वस्तु व सेवा कर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांवरहि १८ टक्केच कर आहे. तेव्हां “बत्तीसच्या पुढें कर जास्त” हा जुना हिशेब आतां धरूं नये. परंतु पडद्याबरोबर विजेचा खपहि वाढतो. यंत्रावर जी ताऱ्यांची पट्टी असते तीवर वर्षाकाठीं किती युनिटें लागतील हें छापलेलें असतें. तें वाचावें, आणि घरांत इन्व्हर्टर असेल तर त्याच्या शक्तीशीं ताडून पाहावें. तसेंच सर्व पैसे पडद्यांत घालूं नयेत. पातळ पडद्यांचे कर्णे लहान असतात व त्यांचा आवाज खालीं किंवा मागें जातो; कूलर चालूं असला कीं संवाद ऐकूं येत नाहींत. एक पायरी लहान पडदा घेऊन उरलेल्या पैशांत बरा ध्वनिसंच घेणारें घर बहुधा अधिक समाधानी राहतें.

आतां मुलांच्या डोळ्यांविषयीं. मोठा पडदा जवळून पाहिल्यानें डोळे कायमचे बिघडतात अशी समजूत आहे. तसें सिद्ध झालेलें नाहीं. डोळ्यांना शीण मात्र येतो, कारण टक लावून पाहतांना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. वीतभर अंतरावर धरलेल्या मोबाईलपेक्षां सहा फुटांवरचा पडदा डोळ्यांना सोपा जातो. पण एखादें मूल वारंवार उठून पडद्याजवळ जात असेल तर त्याला रागें भरण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावेत; त्याला दूरचें दिसत नसण्याचा संभव असतो, आणि शाळेंतला फळाहि त्याला दिसत नसेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असा सल्ला दिला कीं, एक वर्षाखालील बालकांस पडद्यापुढें बसवूंच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठीं एक तासाहून अधिक बसवूं नये. पडद्याचें माप कितीहि योग्य असलें तरी वेळेचें माप चुकलें तर उपयोग नाहीं.

शेवटीं, दुकानांत जाण्यापूर्वीं घरीं करावयाचा एक प्रयोग सांगतों. सुतळी घेऊन भिंतीपासून प्रत्येकाच्या बसण्याच्या जागेपर्यंतचें अंतर मोजावें. सर्वांत जवळचें अंतर १.२ नें आणि सर्वांत दूरचें अडीचनें भागावें. त्या दोहोंमधील माप निवडून भिंतीवर खडूनें त्याची रुंदी व उंची आंखावी. ५५ इंचांसाठीं चार फूट बाय सव्वादोन फूट. त्या चौकटींत जुनीं वर्तमानपत्रें चिकटवावींत आणि चार दिवस तीं तशींच राहूं द्यावींत. घरांतील प्रत्येकानें आपापल्या जागीं बसून मुठी मोजाव्यात. आजीला, मुलांना, सर्वांना विचारावें. चौथ्या दिवशीं ती चौकट डोळ्यांत खुपत नसेल, तर माप बरोबर आहे असें समजून बाजारांत जावें, आणि मग दुकानदारानें शेजारीं केवढाहि पडदा मांडला तरी आपला आकडा सोडूं नये.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९८७ सालच्या जानेवारींत ‘रामायण’ लागूं लागलें. त्या वेळीं गल्लींत एखाद-दुसरा वीस इंची संच असे व सारी आळी त्याच्यापुढें बसे. बारा फुटांवर बसलेल्या माणसाच्या दृष्टींत तो पडदा एका मुठीएवढाहि भरत नव्हता. तरी माणसें तल्लीन होऊन पाहत. ह्याचा अर्थ मोठा पडदा व्यर्थ आहे असा नव्हे. मनाला रमविणारी कथा लहान पडद्यावरहि रमविते, आणि कंटाळवाणी कथा भिंतभर झाल्यानें गोड होत नाहीं. पडद्याचें काम एवढेंच कीं, घरांतील शेवटच्या माणसाला स्वच्छ दिसावें आणि पहिल्याची मान दुखूं नये. तेवढें साधलें कीं पडद्याचें माप बरोबर झालें.